न पोचलेला निरोप

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. सव्वीस वर्षं ती उंदराच्या मेंदूचे पोस्टकार्डाच्या जाडीइतके पातळ काप करत आली होती. काप थंड खारट पाण्यात जिवंत ठेवावे लागत. हात जरा हलला की दिवस फुकट.

लेकीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी ताटली पडली आणि बाळ लाकडासारखं ताठ झालं, श्वास अडकला, मग आपोआप सुटला. डॉक्टर म्हणाले, फिट असेल. औषधाने काडीचा फरक पडला नाही. घर चवड्यांवर चालू लागलं. शिंक आली की जावई गॅलरीत पळायचा. एरवी मावशी पोट धरून हसली असती. आता ती पाळण्याशी बसून बाळाचे श्वास मोजायची.

शेवटी तिने प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ बाईंना सगळं सांगितलं. बाईंचा अभ्यास ग्लायसिनचा. हे साधं अमिनो आम्ल मेंदूच्या देठात आणि मज्जारज्जूत एका पेशीकडून दुसरीला निरोप नेतं: गप्प बस. तो पोचला नाही, तर साध्या आवाजानेही सगळे स्नायू एकदम आवळतात.

बाईंनी बाळ कशाकशाने ताठ होतं ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "बाळाच्या नाकावर टिचकी मारून बघा म्हणावं डॉक्टरांना. आणि ताठ झालीच, तर डोकं आणि पाय पोटाकडे दुमडा. सोडू नका."

दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने दार आपटलं. बाळ फळीसारखं झालं, ते सैल होईना. ओठ निळे पडले, मग गाल. इवलीशी मान मोडली तर?  तरी मावशीने डोकं छातीकडे, गुडघे पोटाकडे वाकवून धरले. काहीच होईना.

लेक धावत आली. "आई, काय करतेयस? सोड तिला."

"नाही सोडणार."

तळव्याखालची पाठ हळूहळू सैलावली. बाळाने श्वास घेतला.

मोठ्या इस्पितळात नाकावर टिचकी बसताच बाळ दचकलं, पुन्हा पुन्हा दचकलं; एरवी बाळं दोन-तीन टिचक्यांत सरावतात. तपासणीत ग्लायसिनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात दोष निघाला. मग वेगळं औषध सुरू झालं. ते गॅबा नावाच्या दुसऱ्या शांतवणाऱ्या निरोप्याचा जोर वाढवतं. महिन्याभरात ताठ होणं बरंच कमी झालं.

आता नात दोन वर्षांची आहे. उशिरा का होईना, चालते. कधी दचकून ओंडक्यासारखी आडवी होते, उठते. आता बास झालं काळजी करणं, असं लेक म्हणते. मावशी हो म्हणते आणि नातीच्या मागे मागे फिरत राहते.