वेबसाइटवर घर टाकताना

घर विकलं की ते आपल्या यादीतून जातं. किस्सा मात्र जात नाही. चाव्या, कागद, गराजचा रिमोट, सगळं नवीन मालकाच्या हातात दिलं, तरी त्या घराची एखादी गोष्ट आपल्याकडेच राहून जाते. कुणी ती मागायलाही येत नाही. माझ्याकडे अशा गोष्टींचा ढीग झाला, त्याला कारण इंटरनेट. आम्ही घरं वेबसाइटवर टाकायला लागलो आणि जगातल्या कुणालाही आमच्याकडे येण्याची सोय झाली.

मी मूळची नागपूरची, मायक्रोबायॉलॉजीवाली. मुलं शाळेत रुळल्यावर घरं विकण्याच्या लायसन्सची परीक्षा दिली आणि २००२ साली नेपरव्हिलच्या स्टेशनजवळ एका छोट्या रिअल इस्टेट ऑफिसात एजंट म्हणून लागले. ऑफिस बार्बराचं. ती अडुसष्ट वर्षांची, तीस वर्षं याच गावात घरं विकणारी. तिसरे पाध्येकाका. पुण्याचे इलेक्ट्रिकल इंजिनियर, कंपनीतून लवकर रिटायर होऊन या धंद्यात आलेले. "घर विकणं हे मुळात इंजिनियरिंगच आहे," असं ते म्हणत.

बार्बराला कॉम्प्युटर येत नव्हता आणि पाध्येकाकांना येत होता. ऑफिसातले बहुतेक गोंधळ दुसऱ्या कारणाने झाले!

*

पाध्येकाकांनी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तो जानेवारीत. लगेच एका घराचा समोरून फोटो काढला. गुडघाभर बर्फ, छपरावर बर्फ, आणि अंगणात त्या घरातल्या मुलांनी केलेला स्नोमॅन. टोपी, मफलर, सगळं व्यवस्थित.

ते घर मे महिना आला तरी विकलं जाईना. बार्बरा म्हणाली, "तो फोटो बदला. मे महिन्यात बर्फ दिसला की लोकांना कळतं, हे घर हिवाळ्यापासून कुणालाच नकोय."

दुसरं कुणी असतं तर दहा मिनिटं ड्राइव्ह करून नवीन फोटो काढून आलं असतं. काका म्हणाले, "गरज नाही. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे."

दोन दिवस ते स्क्रीनला नाक लावून बसले. लॉन हिरवं केलं. छप्पर तपकिरी केलं. आकाश निळं केलं. फोटो वेबसाइटवर चढला आणि दुपारी फोन आला. गिऱ्हाईक अगदी उत्सुक. म्हणाला, "अंगणातला तो पांढरा पुतळा घराबरोबर मिळणार, की मालक घेऊन जाणार?"

काकांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काय सांगू?"

"खरं सांगा."

काकांनी हात काढला आणि गंभीरपणे म्हणाले, "सर, ही हॅज ऑलरेडी लेफ्ट."

*

बार्बराची ई-मेल वापरायची एक पद्धत होती. आलेली मेल ती मला प्रिंट करायला लावायची. त्या कागदाच्या कडेला निळ्या शाईच्या पेनने उत्तर लिहायची. मग कागद पाकिटात घालून, तिकीट लावून पोस्टात टाकायची. पत्ता नसेल तर फोन करून विचारून घ्यायची. "म्हणजे नक्की पोहोचतं," असं तिचं म्हणणं.

एकदा टेक्ससहून एका नवराबायकोची मेल आली. वेबसाइटवर एक घर आवडलंय, त्याच्या बेसमेंटमध्ये पाणी येतं का? बार्बराने कडेला लिहिलं, "दोनदा आलं. कार्पेट बदललंय, वास गेलेला नाही. घेऊ नका. इकडे आलात की दुसरं दाखवते."

तीन आठवड्यांनी ते दोघं तोच कागद हातात धरून ऑफिसात आले. नवरा म्हणाला, "आम्ही दहा एजंटांना मेल केली होती. नऊ उत्तरं एका मिनिटात आली. नऊही अगदी सारखी."

त्यांनी बार्बराने दाखवलेलं दुसरं घर घेतलं.

पाध्येकाकांनी यातून धडा घेतला. महिनाभर खपून त्यांनी बार्बराच्या अक्षराचा फॉण्ट बनवला आणि त्यात आपोआप जाणारं उत्तर तयार केलं. हुबेहूब तिचं अक्षर! बार्बराने चष्मा वर करून ते वाचलं.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली. "पण 'युवर इन्क्वायरी इज इम्पॉर्टंट टू अस' असं मी शुद्धीत कधी लिहिणार नाही."

*

मग व्हर्च्युअल टूर आली. म्हणजे खोलीच्या मधोमध तिकाटण्यावर कॅमेरा ठेवायचा, थोडा थोडा फिरवत आठ फोटो काढायचे, आणि कॉम्प्युटर ते जोडून अख्खी खोली गोल फिरवून दाखवतो.

पहिला प्रयोग देसाईकाकूंच्या घरी. गुडघे दुखायला लागले म्हणून काकू जिन्याचं घर विकून लहान, एकमजली टाउनहाउसमध्ये जाणार होत्या. पाध्येकाकांनी त्यांना बजावलं, "वहिनी, तुम्ही फक्त माझ्या पाठीमागे राहा."

काकू राहिल्या. पण कॅमेरा वळला की त्यांना काहीतरी दिसायचं. उशी तिरकी. पडदा अर्धा. टीव्हीवर धूळ. "एक मिनिट हं!" म्हणून त्या पुढे जायच्या. "झालं, घ्या तुम्ही!" काका डोळा लावून कॅमेऱ्याची पातळी बघण्यात इतके गुंग, की त्यांनी प्रत्येक वेळी घेतला.

टूर वेबसाइटवर गेली. एका दिवाणखान्यात, एकाच जांभळ्या पंजाबी ड्रेसमध्ये, पाच देसाईकाकू! एक उशी सरळ करतेय, एक पडदा ओढतेय, एक टीव्ही पुसतेय. एकीचा नुसताच हात. आणि पाचवी थेट कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतेय.

दुसऱ्या ऑफिसातल्या एजंटचा फोन आला. "त्या घरात किती लोक राहतात? मी फक्त पार्किंगसाठी विचारतोय."

आम्ही काकूंची माफी मागितली, पुन्हा फोटो काढतो म्हणालो. काकू म्हणाल्या, "कशाला? सांगलीला बहिणीला लिंक पाठवलीय मी. ती म्हणाली, अगदी तुझंच घर वाटतंय!"

*

पाध्येकाकांच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांची यादी होती. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात ई-मेल, तिसऱ्यात काकांची स्वतःची टिपणं. टिपणं मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. त्यांनी दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना आपोआप मेल जाईल अशी सोय केली. सुरुवातीला 'डिअर' आणि पुढे त्या माणसाचं नाव.

फक्त रकाना चुकला.

तीनशे लोकांना मेल गेली. "डिअर नुसतेच बघतात." "डिअर चहा पिऊन गेले." "डिअर वास्तू वास्तू करून डोकं खातो."

काका पांढरे पडले. बार्बराला अर्थ समजावून सांगितल्यावर तीही पडली. "वकिलाला फोन करू का?" म्हणाली. काका खुर्चीत बसून एकेक उत्तर उघडत होते. बऱ्याच अमराठी लोकांना ते आपल्याकडचं काहीतरी अभिवादन वाटलं होतं. एकाने उलट काकांनाच "डिअर चहा पिऊन गेले" असं लिहिलं होतं. दोन मराठी माणसं चिडली होती.

आणि एक उत्तर "डिअर बायको ठरवते" यांचं होतं. "खरं आहे. बायकोला कॉपी केलंय. ती म्हणते शनिवारी अकराला येतो."

शनिवारी अकराला ते आले. घर घेतलं. बायकोने ठरवलं.

*

नेपरव्हिलच्या कडेला तेव्हा मक्याची शेतं जाऊन धडाधड नवीन वस्त्या होत होत्या. इतक्या पटापट, की ऑनलाइन नकाशांना पत्ताच नसायचा. अशाच एका नव्या घरात रविवारी माझं ओपन हाउस होतं, म्हणजे कुणीही यावं आणि घर बघून जावं. फुलं ठेवली, कुकीज ठेवल्या, फुगे बांधले. एक वाजला, दोन वाजले. चिटपाखरू नाही.

सव्वादोनला फोन वाजला. म्हातारा, सावकाश बोलणारा आवाज. "मॅम, मी शेतकरी आहे. या लोकांच्या हातातल्या कागदावर तुमचा नंबर आहे. माझ्या अंगणात अकरा गाड्या उभ्या आहेत."

वेबसाइटवरचा नकाशा सगळ्यांना तीन मैल पलीकडे, त्याच्या दारात घेऊन गेला होता. मी सॉरी सॉरी म्हणायला लागले.

"नाही, लोक चांगले आहेत," तो म्हणाला. "एकाने शाळा कशी आहे विचारलं. एक बाई बायकोबरोबर वर बेडरूम बघायला गेलीय."

"तुम्ही त्यांना सांगा ना, की हे घर विकायचं नाहीये!"

त्याने तिकडे कुणाला तरी 'या, या' म्हटलं. मग म्हणाला, "सांगणार होतो, मॅम. पण सगळ्यांनी बूट बाहेर काढलेत."

*

२००७ साली बाजार थंडावला. घरं महिनोन् महिने पडून राहायची. त्यातलं एक अश्विनीचं. अश्विनी आयटीतली, तिशीची. तिच्या नवऱ्याची, गुरप्रीतची, नोकरी व्हर्जिनियात हर्नडनला गेली. तो तिकडे एका खोलीत, ही इकडे चार बेडरूममध्ये. घर विकल्याशिवाय तिला हलता येईना. चार महिने झाले होते.

गंमत म्हणजे वेबसाइटवर तिचं घर रोज वीस-वीस वेळा बघितलं जायचं. "डिमांड आहे!" पाध्येकाका म्हणायचे. "थांबा जरा." पण प्रत्यक्ष बघायला कुणी येत नव्हतं.

मग एक दिवस घराच्या पानावरचा चौकशीचा फॉर्म भरून आला. नाव, व्ही. जी. सबनीस. गाव, मिरज. फोनसाठी सोयीची वेळ, कोरी. प्रश्न असा होता: "इन किचन फोटोग्राफ देअर इज वन कढई ऑन गॅस. काइंडली इन्फॉर्म कंटेंट्स."

खरं तर फोटो काढताना शेगडी मोकळी करायची असते. त्या दिवशी अश्विनी घाईत होती, मीही घाईत होते, राहून गेलं. मी हसत हसत तिला फोन लावला आणि फॉर्म वाचून दाखवला. ती हसली नाही.

"वैशालीताई, नाव काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं.

"माझे बाबा आहेत ते," ती म्हणाली.

गुरप्रीतशी लग्न केलं तेव्हापासून, म्हणजे पाच वर्षं, ते तिच्याशी बोललेले नव्हते. आई फोनवर बोलायची, तेव्हा ते उठून अंगणात जायचे. दर दिवाळीला ती पत्र पाठवायची. पाकिटावर मागे पत्ता असायचा. तो पत्ता त्यांनी कधीतरी कॉम्प्युटरवर टाकून बघितला असणार. पाध्येकाकांनी वेबसाइटची नोंद काढली. रोजच्या विसातल्या अठरा वेळा मिरजेहून! 'डिमांड' हा शब्द काकांनी नंतर बरेच दिवस वापरला नाही.

"काय उत्तर देऊ?" मी अश्विनीला विचारलं.

तिने मला प्रश्न पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "भरली वांगी."

मी आमच्या ठरलेल्या नमुन्यात मेल पाठवली. या घरात रस दाखवल्याबद्दल आभारी आहोत. भरली वांगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला अश्विनी कसल्याशा कागदावर सही करायला ऑफिसात आली होती. ती समोर बसलेली असतानाच फॉर्म आला. व्ही. जी. सबनीस, मिरज. प्रश्नाची जागा रिकामी. बाकीचंही सगळं रिकामं. फक्त फोनसाठी सोयीची वेळ, तिथे टिक केलेली होती. संध्याकाळी.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मिरजेत आत्ता संध्याकाळच होती.

"ताई," ती म्हणाली, "त्यांची संध्याकाळ, की आपली?"

बार्बराला मराठीचा एक शब्द येत नाही. ती उठली, अश्विनीला हाताला धरून स्वतःच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं, फोन तिच्यापुढे सरकवला, बाहेर येऊन दार लावून घेतलं. आणि मग हलक्या आवाजात मला विचारलं, "सीरियस बायर आहे का?"