फिलूबाईंचा वल्ह्याचा दांडा

कुडाळच्या बाजारातून पिशवी घेऊन परतले, तर फिलूबाईंचा भाचा ओसरीवर बसलेला. फिलूबाई गेल्या, एवढं सांगायला आला होता. दुसऱ्या दिवशी मालवणला दफनाच्या वेळी जो तो हळहळत होता, बिचारी शेवटपर्यंत एकटीच राहिली म्हणून. मला रागच आला. फिलूबाई बिचाऱ्या नव्हत्या, एक दिवससुद्धा नव्हत्या.

साठ सालच्या आगेमागे त्या आमच्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाने सुट्टीत त्यांना बेसबॉल शिकवला होता, तो त्यांनी आम्हाला शिकवला, ओहोटीनंतरच्या घट्ट वाळूवर. चेंडू जुन्या जाळ्याचं सूत गुंडाळून केलेला, बॅट म्हणजे मोडक्या वल्ह्याचा दांडा, आणि चार कोपऱ्यांना चार गोणपाटं. चेंडू मारायचा, दांडा तिथेच टाकायचा आणि एकेक गोणपाट गाठत निघालो तिथे परत यायचं, की झाली एक धाव. चेंडू आपल्याआधी पहिल्या गोणपाटावर पोचला तर बाद. तीनदा हुकलं तरी बाद. चार चेंडू वेडेवाकडे आले, तर न मारताच पहिलं गोणपाट आपलं. तिघी बाद झाल्या की डाव दुसऱ्या बाजूचा.

परकर खोचून पळणाऱ्या मुली गावाच्या डोळ्यांत खुपू लागल्या. माझे वडील रापणीचे पुढारी. किनाऱ्यावरून जाळं ओढणारी सगळी माणसं त्यांच्या शब्दावर चालायची. मुलींना हा खेळ हवाच कशाला, हे विचारायला ते थेट शाळेत गेले. "चेडवांका ह्यो खेळ कित्याक होयो?" दाराआड उभी राहून मी ऐकत होते. शाळेत जावंसं वाटावं असं माझ्यापाशी तेवढं एकच होतं. फिलूबाई खुर्चीवरून उठल्यासुद्धा नाहीत. "आधी नेम समजान घेवा, मगे नाय म्हणा," म्हणाल्या, आणि रविवारच्या सामन्याला त्यांनी वडिलांनाच पंच केलं. वडिलांनी दोन दिवस नियम घोकले. अर्धवट शिकणं त्यांना कमीपणाचं वाटे.

सामन्यात मी चेंडू चांगला लांब मारला, पण दांडा हातात धरूनच धावले. होडीत हातचं वल्हं सोडायचं नाही, हे वडिलांनीच लहानपणापासून अंगात मुरवलेलं. दांडा पायांत येत राहिला, चेंडू माझ्याआधी पोचला आणि वडिलांनी मला बाद दिलं. पुढच्या वेळी पुन्हा मारला आणि पुन्हा तेच... इतक्यात मागून वडिलांचा आवाज आला, "टाक गो दांडो आणि धाव." मी फेकला. चारही गोणपाटं गाठून आले, तेव्हा फिलूबाई वडिलांना सुनावत होत्या, "पंचान बोलूचा नाय." वडील खाली मान घालून ऐकत होते. त्यानंतर खेळ बंद करायची भाषा गावात कुणी काढली नाही.

दफनानंतर भाच्याने फिलूबाईंची खोली उघडून दाखवली. पलंगामागे तो दांडा होता, धरायच्या जागी गुळगुळीत झालेला. त्यांच्या फोटोखाली टांगून ठेवूया, असं तो म्हणाला. मी टांगू दिला नाही, इथे घेऊन आले. शेजारच्या मुली तो न विचारता नेतात. काल एकीने चेंडू मारला आणि दांडा घेऊनच सुटली. गुडघे दुखत असतानाही मी उठून पायरीपर्यंत गेले आणि वडिलांसारखीच ओरडले. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही. दांडा टाकला आणि धावली.