उतरून राहिलं होतं

अकोटजवळ आमच्या तुरीच्या वावरात हलकं हेलिकॉप्टर कोसळलं आणि त्यातला एकटा पायलट जागीच गेला. ते पडताना फक्त माझ्या काकूनं पाहिलं होतं. चौकशीला पुण्याकडचे साहेब आले. काकूनं सांगितलं, "ते उतरून राहिलं होतं, तवाच शेपटीतून धूर निघाला." साहेबांनी लिहिलं, "हेलिकॉप्टर उतरल्यानंतर धूर दिसला."

मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडे 'उतरून राहिलं' म्हणजे उतरत होतं. धूर हवेतच निघाला."

"मी शुद्ध मराठीत लिहिलंय," साहेब हसून म्हणाले आणि काकूची सही घेतली. शुद्ध म्हणे! बाईचं बोलणंच उलटं करून ठेवलं, वर तिच्याच चहाला नाक मुरडलं. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

पुढे अहवाल आला. हवेत असताना बिघाड झाल्याचा पुरावा नाही, चूक पायलटची.

काकूनं विचारलं, "मेलेल्या माणसावर टाकून राहिले काय रे?"

"टाकून राहिले नाहीत, काकू," मी म्हणालो. "टाकून मोकळे झाले."