भानुदासचा अर्धा कोर्स

१९७२ च्या सुरुवातीला माझं पोस्टिंग नगरच्या मिलिटरी हॉस्पिटलात होतं. मी नायक, नर्सिंग असिस्टंट. सर्जिकल वॉर्डात लढाईहून आलेले जखमी होते. त्यांत पाथर्डीकडचा सिपाही भानुदास. मांडीत तोफगोळ्याचा स्प्लिंटर घुसलेला.

वॉर्डमास्तर सुभेदार साहेबांनी दुसरं महायुद्ध पाहिलं होतं. ते सांगत, आधी जखमेवर सल्फाची पावडर टाकून वाट बघायची. पुढे ब्रह्मदेशात पेनिसिलिन पोचलं आणि ज्यांचे पाय कापायचे ठरले होते ते जवान चालत घरी गेले. आता तर क्षयाला स्ट्रेप्टोमायसिन, टायफॉइडला क्लोरॅम्फेनिकॉल, आणि बऱ्याच जंतूंवर चालणारं टेट्रासायक्लिन होतं. या औषधांबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा.

भानुदासला पेनिसिलिन सोसलं नाही, अंगावर पित्त उठलं. म्हणून त्याला टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल लावल्या. ताप उतरला.

"नायकसाहेब, हे सरकारनं जवारीसारकं पेरायला पायजे," तो म्हणाला.

औषध आमच्यासमोर गिळायचं, अशी शिस्त होती. भानुदास पाणी पिऊन तोंड उघडून दाखवायचा. तरी ताप पुन्हा चढला. चादर बदलताना त्याच्या उशीच्या खोळीत वाळलेल्या कॅप्सूल सापडल्या. तो त्या गालात धरून ठेवत होता. काही तर भेटायला आलेल्या मेव्हण्याबरोबर श्रीरामपूरकडच्या ऊसतोडीच्या तळावर गेल्या होत्या. तिथे त्याच्या वडिलांच्या पायाला कोयता लागून पाय सुजला होता.

आमच्या वॉर्डाचे डॉक्टर, कॅप्टन साहेब, त्याच्या खाटेपाशी आले. "वडील तुझे डिपेंडंट आहेत. त्यांचा इलाज इथेच होतो. मागितलं का नाहीस?"

"म्हाईत न्हवतं, साहेब. मला बरं वाटत हुतं. आबाला न्हवतं."

"अर्धा कोर्स तुला, अर्धा त्यांना. जंतू दोघांचेही जगले." मग माझ्याकडे वळून, "नायक, ॲम्ब्युलन्स घे. वडिलांना आण."

"येस सर."

आबांना आणलं. पूर्ण कोर्स दिला आणि पाय निवळू लागला. भानुदासच्या मात्र रक्तात विष पसरलं. साहेबांनी औषधं बदलून पाहिली. त्याच्या जंतूंवर ती चालली नाहीत. आम्ही आबांना त्याच्या खाटेशी नेलं, तेव्हा त्याने आधी त्यांचा पाय पाहिला.

"सूज उतरली की, आबा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुदास गेला. गार्डने सलामी दिली, तेव्हा आबा आधाराशिवाय उभे होते. नंतर त्यांनी कॅप्टन साहेबांना गाठलं.

"जावयानं आनल्या त्या गोळ्या माझ्या पोराच्या वाट्याच्या हुत्या का, साहेब?"

"नाही बाबा. स्टोअरमधल्या होत्या. त्याने तुमच्यासाठी मागून घेतल्या."

आबांचा विश्वास बसेना. त्यांनी सुभेदार साहेबांकडे पाहिलं. चिठ्ठीशिवाय एक गोळी कधी बाहेर न सोडलेले सुभेदार साहेब ताठ उभे होते.

"व्हय," ते म्हणाले. "मीच काढून दिल्या."