नुसत्या टायपिंगला दोन पंख्यांचा कूलर

मंडळी, आज सांगलीहून विट्याला गेलो होतो, जुना प्रोसेसर कूलरसकट घ्यायला. विकणारा म्हणाला, "कवाच ओव्हरक्लॉक करून जादा पळवला न्हाई. नुसतं टायपिंग."

मग त्याच्यावर नारळाएवढा, दोन पंख्यांचा कूलर कशाला?

"आमच्याकडं ऊन लय हाय."

मी म्हटलं, दहा मिनिटं फुल लोडवर चालवू, किती तापतोय बघू. तर गडी फुगला. "माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?"

त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सोनं गाळायचा धंदा. मी विचारलं, "तुमी सोनं न तपासता घेता का?"

त्यानं उठून कॉम्प्युटर बंद केला.

रिकाम्या हातानं परत आलो. कूलर मात्र भारी होता. तेवढाच मागावा का? की तोही नको?