सौंसरचा अबोला

पुणे स्टेशनवर मला पोचवायला आलेल्या माझ्या विद्यार्थ्याने माझी पत्र्याची पेटी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"सर, एवढं काय भरलंय आत?"

"ख्रिस्त," मी म्हणालो.

पेटीत ख्रिस्तावरचे जाडजूड ग्रंथ होते, माझी टिपणे होती आणि ख्रिस्ताच्या ठायी देवत्व व मनुष्यत्व कसे एकत्र नांदते, हे दाखवणारा एक गुंडाळलेला तक्ता होता. त्या वर्षी पुण्यात घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते, म्हणून तक्ताही मी रंगीत करून घेतला होता. देवत्व पिवळे, मनुष्यत्व निळे. दोन्ही मिळतात तिथे रंगाऱ्याने आपल्या अकलेने हिरवे केले, आणि अशी सरमिसळ पाखंडी शिकवण ठरते हे त्याला पटवून ते खोडून घेण्यात माझी आख्खी दुपार गेली होती.

निघालो होतो पांढुर्ण्याला. तिथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीने अधिवेशन ठेवले होते आणि विषय दिला होता, 'येशूशी जिव्हाळ्याचे नाते पुन्हा जोडू या'. हा विषय मला का द्यावा, ते कळेना. मी धर्मविद्यालयात ख्रिस्तशास्त्र शिकवतो. माशांवर प्रबंध लिहिणाऱ्याला कोणी पोहण्याच्या शर्यतीला बोलावत नाही. पण पत्नी जाऊन दोन वर्षे झाली होती, घरात करमत नव्हते, आणि व्याख्यानाचे आमंत्रण नाकारण्याची सवय आमच्या पेशात नसते.

नागपूरला गाडी बदलून इटारसीकडच्या पॅसेंजरमध्ये बसलो. काटोल, नरखेड मागे पडले तशा दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या. काळपट हिरव्या झाडांत फळे इतकी लगडलेली की फांद्या बांबूंनी तोलून धरल्या होत्या. डब्यातही संत्रीच होती: टोपल्यांत, पिशव्यांत, बायकांच्या ओच्यात. समोरच्या बाईने न विचारता माझ्या हातात एक ठेवले. मी आभार मानू लागलो, तर म्हणाली, "आभार काहून (कशाला)? खा ना जी."

पांढुर्ण्याला मंडळीचे पाळक साळवे सायकल घेऊन आले होते. माझी पेटी कॅरिअरवर बांधून ते चालू लागले. रस्त्यात जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग होती. चर्चपाशी पोचेपर्यंत माझ्या काळ्या कोटावर कापसाचे एवढे तंतू बसले की मी धर्मगुरूऐवजी पिंजारी दिसू लागलो.

चर्चच्या आवारात लोक थांबले होते. मला वाटले, स्वागताला. सर्वांत पुढच्या म्हाताऱ्या बाईने लुगडे जरा वर करून आपला सुजलेला गुडघा माझ्यापुढे धरला. मग लक्षात आले. कापडी फलकावर माझ्या नावाआधी मोठ्या अक्षरांत 'डॉक्टर' लिहिले होते.

"मी औषधाचा डॉक्टर नाही, आजी," मी म्हणालो. "मी येशू ख्रिस्ताच्या अभ्यासाचा डॉक्टर आहे."

आजींचा चेहरा चिंतेने भरून गेला. "बाप्पा! येशूले काय झालं?"

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

व्याख्यान संध्याकाळी झाले. तक्ता खिळ्याला टांगला. ग्रीक शब्द फळ्यावर लिहून मी त्यांचे मराठी अर्थ सांगितले, मग त्या अर्थांचे अर्थ सांगितले. लोक फार सभ्य. कोणी उठून गेले नाही. संत्री मात्र सोलली जात होती, आणि माझ्या प्रत्येक मुद्द्याला एका सालीचा वास लागला. शेवटी पाळकांनी विचारले, "कोणाला काही विचारायचं आहे?" मागून एक शेतकरी उठला. "साहेब, आमी त्याच्याशी बोलतो तवा यातल्या कोणत्या रंगाशी बोलाचं?"

मी म्हणालो, प्रश्न चांगला आहे. उत्तर माहीत नसले की आम्ही असेच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या पंच कमिटीची बैठक होती आणि पाहुणा म्हणून मलाही बसवले. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांवर दगड मारतात. त्याला गोटमार म्हणतात. ती मी पाहिलेली नाही. पण कमिटी पाहिली, तेव्हा न पाहिल्याचे दुःख उरले नाही.

भांडण सौंसरच्या सुंदराबाईंवरून होते. या बाई मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सौंसरची मंडळी वर्षानुवर्षे त्यांच्याच ओसरीवर जमत असे आणि उपासनेतली गाणीही त्याच सुरू करत. दिवाळीच्या सुमाराला त्यांची धाकटी बहीण चंद्रा तापाने वारली. त्यानंतरच्या रविवारी बाईंनी मंडळीला दारातूनच परत पाठवले. म्हणाल्या, "माझा येशूशी अबोला हाय. त्याचं नाव माझ्या ओसरीवर कोणी घ्याचं नाई."

अर्धी कमिटी म्हणत होती, ही ईश्वरनिंदा आहे, बाईंना मंडळीतून काढा. उरलेली अर्धी म्हणत होती, काढा, पण मग बसायचे कुठे? बाईंच्या दुःखाविषयी दोन्ही काठांवरून एकही दगड आला नाही.

साळवे माझ्याकडे वळले. "डॉक्टरसाहेब, तुमीच जा. तुमी एवढे शिकलेले. समेट करून द्या."

दुपारच्या आत मी सौंसरच्या बसमध्ये होतो. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ बसले होते. सुंदराबाईंचे घर विचारले, तर ते त्यांचेच शेजारी निघाले: गजभिये गुरुजी, प्राथमिक शाळेत मास्तर, बौद्ध. मी कशासाठी चाललोय ते ऐकून त्यांनी मला नीट न्याहाळले.

"कोणाच्या बाजूनं बोलाले चालले?"

"बाजू कसली? समेट करायला चाललोय."

"म्हंजे त्याच्या बाजूनं," गुरुजी म्हणाले. "आमच्यात हे बरं आहे सर. देव नाई, म्हणून देवाशी भांडण नाई. पण रडाले तर आमीबी रडतोच."

जामसांवलीच्या फाट्यावर अर्धी बस रिकामी झाली. लोक नारळ आणि शेंदूर घेऊन तिथल्या झोपलेल्या हनुमानाकडे निघाले होते. एक बाई उतरता उतरता कंडक्टरला सांगत होती की यंदा तिला मारुतीला दोन शब्द सुनवायचे आहेत. मी खिडकीतून तिच्याकडे थोड्या कीवेने पाहिले. सुशिक्षित माणसाला कीव फार लवकर येते.

सुंदराबाई उंच आणि हाडापेराने भक्कम होत्या, केस पांढरे आणि घट्ट बांधलेले. मी कोण ते सांगताच म्हणाल्या, "पाळकानं पाठवलं? त्याले स्वतःले याले लाज वाटली?" पण पाठोपाठ पाय धुवायला पाणी दिले आणि गुरुजींनाही जेवायला थांबवून घेतले. पाटोड्यांचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा तिखट रस्सा) आणि ज्वारीची भाकरी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. बाई समाधानाने बघत होत्या.

ओसरीच्या भिंतीवर तसबिरीची एक चौकट भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती. आमच्या बाजूला तिचा तपकिरी पुठ्ठा होता. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "तो तिकडं पाहून राहिला. पाहू दे."

हात धुतल्यावर मी कामाला लागलो. दुःख कसे येते, देव त्याला कारण असतो की नसतो, हे मी उलगडून सांगितले. देवाची नियोजित इच्छा वेगळी आणि त्याची अनुमती वेगळी, हा भेद मला विशेष साधतो. तो मी फार सुरेख मांडला.

"म्हंजे त्यानं चंद्रीले मारलं नाई, मरू दिलं. असंच ना?"

"म्हणजे... ढोबळ अर्थानं, हो."

"मी नर्स होती जी. दवाखान्यात असं सांगतलं असतं, तर माझी नोकरी गेली असती."

गुरुजी संत्रे सोलण्यात फार गर्क झाले.

मग बाईंनी आपली तक्रार सांगितली. दोघी बहिणी एकत्र राहत. चंद्राला एकटीने जायची भीती वाटे, म्हणून थोरलीने येशूशी ठरवले होते की आधी मी येईन, वरचे घर पाहून ठेवीन, मग तिला ने. आणि त्याने धाकटीला आधी नेले.

"तो हो म्हणाला होता?" मी विचारले. प्रश्न चुकीचा आहे हे तोंडातून गेल्यावर कळले.

"नाई बी नाई म्हणला! अन् मी काय लिहून घ्याचं होतं का त्याच्यापासून? घरच्या माणसापासून?" त्यांचा आवाज चढला. शेजारणींनाही त्यांनी सोडले नाही, पाळकांना नाही, चंद्राला तपासणाऱ्या डॉक्टरला नाही, त्या वर्षीच्या डासांना नाही. ही बाई न्यायाने बोलत नव्हती. तिला न्याय नकोच होता.

थोड्या वेळाने त्या एकदम थकल्या आणि म्हणाल्या, "तुमी त्याच्या घरचे. मी तर बोलत नाई त्याच्याशी. तुमीच सांगा त्याले माझं. सांगा का सुंदरा म्हणते, शब्द काहून मोडला."

मी हात जोडले, डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या..."

"त्याच्या बापाले मधी नका आणू. त्याच्याशी बोला."

मी घसा साफ केला. इतकी वर्षे मी त्याच्याविषयी बोलत होतो. त्याच्याशी बोलायचे तर छापील प्रार्थना होत्या, आणि त्या पेटीत, पांढुर्ण्यालाच राहिल्या होत्या. समोर तो तपकिरी पुठ्ठा होता.

"प्रभू येशू," मी वकिलासारखा सुरू झालो, "सुंदराबाईंचं म्हणणं असं आहे की, ज्याला कोणाची भीती ठाऊक आहे, त्यानं तिला एकटीला नेऊ नये. तुला ठाऊक होतं. चंद्राबाईंना एकटीनं जायची भीती होती. आणि निर्मलाला..."

निर्मला माझी पत्नी. तिचे नाव मी घेणार नव्हतो. पण ते आले, आणि मग मला थांबता येईना.

"निर्मलाला दवाखान्याची भीती वाटायची. साधी सुई बघवत नव्हती तिला. आणि तू तिला महिनाभर तिथंच ठेवलंस. मी बाहेरच्या बाकावर बसून तुझ्यावरचं पुस्तक वाचत होतो. तिच्या अंत्यविधीला उपदेश मीच केला. सगळ्यांसमोर तुझी बाजू घेतली. लोकांनी त्याची पुस्तिका छापली. आणि तू मला साधा भेटायलासुद्धा आला नाहीस."

पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही. मोठ्याने बोललो एवढे खरे, कारण शेजारच्या अंगणातले बोलणे थांबले होते. नाक गळत होते. रुमाल कोटात होता आणि कोट खुंटीला.

शेवटी शर्टाच्या बाहीला नाक पुसून थांबलो.

"झालं?" सुंदराबाई म्हणाल्या. मी मान हलवली.

"म्या काय सांगाले लावलं, अन् हे काय सांगून राहिले!" त्या संतापून उठल्या आणि तरातरा त्या चौकटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "पाह्यलं? पाह्यलं, कोणाले धाडलं तू? माझ्या चंद्रीची गोठ (गोष्ट) सांगाले बसवला, तर हा आपल्याच बायकोची घेऊन बसला! अन् तू बी ऐकून राहिला चुपचाप! तुले काई..."

आणि त्या थबकल्या. हात तोंडावर गेला.

गुरुजींनी सोललेले संत्रे खाली ठेवले. "बाई," ते हळूच म्हणाले, "अबोला गेला तुमचा."

"याच्यापायी!" माझ्याकडे बोट दाखवून त्या ओरडल्या, आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. मग रडल्या. दिवाळीपासूनचे सारे एकदम बाहेर आले. रडता रडता त्याच्याशीच बोलत होत्या, शिव्या देत होत्या, चंद्राने शेवटी काय खायला मागितले ते सांगत होत्या. आम्ही दोघे पुरुष अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसलो. चौकट त्यांनी सुलटी केली नाही. तो तिकडेच पाहत होता. पण बोलणे सुरू झाले होते, आणि ते चहापर्यंत थांबले नाही.

निघताना म्हणाल्या, "पाळकाले सांगजा, रविवारी याचं असन तर या. पण मी गाणार नाई. अजून भांडण सरलं नाई." मग माझ्याकडे बघून जरा नरमाईने, "तुमची बायको चांगली होती का?"

"चांगली होती," मी म्हणालो. "स्वयंपाक मात्र बेताचा."

त्या दोन वर्षांत तिच्याविषयी मी कोणा माणसाशी बोललेले पहिले खरे वाक्य तेच असावे.

गुरुजींनी साळव्यांना निरोप द्यायचे कबूल केले आणि पेटीही मागून पाठवतो म्हणाले. मी सौंसरहून थेट छोट्या लाइनच्या (नॅरोगेज) गाडीत बसलो. ही गाडी रस्त्याकडेच्या बकऱ्यांनाही वाट देते. लोधीखेड्याला ती कशासाठी तरी बराच वेळ उभी राहिली. कोणाला घाई नव्हती. मलाही नव्हती, कारण मी बोलत होतो. आधी मनात, मग ओठांत. नागपूरला गाडी बदलली तरी बोलणे चालूच. भुसावळच्या आसपास समोरच्या गृहस्थाने वर्तमानपत्र खाली केले.

"कोणाशी भांडताय?"

"घरच्याच माणसाशी," मी म्हणालो. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि पुन्हा वर्तमानपत्र वर केले.

पुण्यात प्राचार्यांनी विचारले, अधिवेशन यशस्वी झाले का? मी म्हणालो, मंडळीला काही कळले नाही आणि मला थोडेफार कळले, तेव्हा मानधन उलट दिशेने द्यायला हवे होते. ते हसले नाहीत. नाते पुन्हा जोडले गेले का, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. जे पूर्वी होते की नव्हते याचीच खात्री नाही, ते पुन्हा कसे जोडणार? समाधान मिळाले म्हणावे, तर तेही नाही. उलट झोप उडाली आहे, आणि वर्गात शिकवताना मध्येच मी गप्प होतो, मुले वह्यांतून वर बघतात.

रविवारी उपासनेला गेलो. पाळकांनी नेहमीप्रमाणे गोड आवाजात सांगितले की सर्वांनी शांत चित्ताने प्रभूसमोर यावे. पुढची बाके शांत चित्तांनी भरली होती. मी मागच्या बाकावर, खांबाआड जागा पाहून बसलो आणि डोळे मिटले.

"हं," मी म्हणालो, "काल कुठं थांबलो होतो आपण?"