सावळाराम कंडक्टरची सरबराई

सावळाराम कंडक्टर एस.टी.तून निवृत्त झाला, त्या सुमारास मुरबाडच्या अलीकडच्या वृद्धाश्रमाचे दोन व्यवस्थापक पाठोपाठ पळाले होते. आश्रम चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष त्याला म्हणाले, "खच्चून भरलेल्या गाड्या सांभाळल्यास, दहा-बारा म्हातारी माणसं काय जड आहेत?" सावळाराम हो म्हणून बसला. आश्रमाची पार दशा झाली होती. कौलं गळत होती, स्वयंपाकीण मनात आलं तर येई, आणि समाजकल्याणच्या साहेबांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर कुलूप लावू. कुलूप लागलं तर तिथल्या बाळी म्हातारीसारखीने जायचं कुठे? तिची डोंगरातली झोपडी कधीच पडली होती आणि मागेपुढे कोणी नव्हतं.

सावळारामने कंबर कसली. दारी आलेल्याला काही कमी पडू द्यायचं नाही, हा त्याच्या घरचा शिरस्ता. त्याने कौलं परतून घेतली, सकुबाई नावाची हाताला चव असलेली स्वयंपाकीण आणली, आणि पंगतीला स्वतः वाढायला उभा राहू लागला. कोणाला ताट उचलू देईना की झाडू धरू देईना. "तुमी नुसती बसा. जलमभर राबलाव," म्हणायचा.

आणि म्हातारी माणसं वाळायला लागली. दोन घास खाल्ले की हात आखडता घ्यायचे, पोट भरलं म्हणायचे. सावळारामने गोडाधोडाचं केलं, तर त्यांनी आणखी कमी खाल्लं. डॉक्टरांनी तपासलं, रोग कसलाच नव्हता. एके दिवशी नवसू म्हातारा गाठोडं घेऊन नाहीसा झाला, तो मुरबाडच्या स्टँडवर सापडला.

"कुठं चाललाव, बाबा?"

"लय दिस झालं. निघतो आता."

"आमचा काय चुकला का?"

"नाय रे. तू लय केलास."

सावळारामने त्याची समजूत घालून परत आणलं खरं, पण डोक्याचा भुगा झाला. तक्रार केली असती तर निस्तरता आली असती, कौतुक करून निघून जाणाऱ्या माणसाचं करायचं काय? त्याला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

साहेब यायचे होते त्याच सकाळी सकुबाईचा निरोप आला, अंगात ताप आहे. बिरड्यासाठी मोड आणलेले वाल पातेलंभर सोलायचे पडले होते. सावळाराम स्वतःच बसला. जन्मभर तिकिटं फाडलेल्या बोटांना वाल कुठले सोलता येणार? निम्मे चिरडले, निम्मे जमिनीवर गेले. ओसरीवर सगळे नेहमीसारखे हात बांधून बसलेले बघून त्याचं टाळकं सरकलं.

"बघत काय बसलाव? एकट्याचा काम हाय का ह्या?"

बोलला आणि जीभ चावली. पण बाळीने तोवर पातेलं ओढलं होतं. "सरक तिकडं. सगळं वाल वाया घालवशील." आणखी दोघी येऊन बसल्या. नवसूने चूल पेटवली. मिरची किती घालायची यावरून भांडण जुंपलं, आणि या आश्रमात भांडण असं पहिल्यांदाच ऐकू आलं. पानं पडली तेव्हा बाळीने भात दुसऱ्यांदा घेतला, तोही आपल्या हाताने. सावळाराम डाव धरून उभाच राहिला. त्याला काही समजेना.

साहेब दारात आले तेव्हा बाळी पातेलं घासत होती.

"म्हाताऱ्या माणसांना कामाला जुंपता?" त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

सावळारामला कुलूपच दिसू लागलं.

बाळी पदराला हात पुशीत उठली. "माझ्या घरातला भांडा मी घासते, साहेब. तुमी जेवलाव का? नाय तर हात धुवा नि बसा."

साहेब गोंधळून बसले. बाळीने वाढलं, नवसूने आग्रह केला. जेवण झाल्यावर साहेबांनी सगळ्यांकडे एकवार नीट पाहिलं आणि आणखी एका वर्षाची मुदत देतो म्हणाले.

"पण सुधारणा नेमकी कोणती केलीत?"

सावळारामने वर कौलांकडे बोट दाखवलं.

"ह्यो आज पयल्यांदा आमच्यावर वरडला," बाळी म्हणाली, "घरच्यावानी."